दुसरा घाव

रावेर
२ जुलै १९६९

कौतिकभाऊ,

भटू मेला. तुमच्या भावानं त्याला मारलं.

शिंदखेड्याहून सालदार म्हणून आला आणि आपल्या घरचाच होऊन राहिला तो भटू. तुमच्या कमरेला दोर बांधून तुम्हाला विहिरीत पोहायला शिकवणारा. केळीचे घड उतरवायच्या कोयत्यानं मानेवर दोन वार. मी ओसरीत होते, पण काही ऐकू आलं नाही, कारण तो ओरडलाच नाही. कोंबड्या फडफडल्या म्हणून मी धावले.

ह्यांना फेफरं येऊन गेलं होतं. फेफरं ओसरलं की हे उठतात, डोळे उघडे असतात, चालतात, पण समोर कोण आहे ते कळत नाही. भटू तोंड पुसत होता. रोजच पुसायचा. हात हलवता यावेत म्हणून त्यानं साखळी सोडली होती. मी पोचले तेव्हा हे त्याच्या शेजारी मांडी घालून बसले होते. कोयता मांडीवर, अंगभर रक्त, आणि त्याला हलवून म्हणत होते, "भटू, पानी दे रे. भटू."

साखळी वाचून दचकला असाल. तुम्हाला कुठून माहीत असणार? तुम्ही विहिरीवरून पळालात ते वळून पाहिलंच नाही. पाच वर्षं मायला कळलं नाही आपला धाकटा जिवंत आहे की नाही. आता माय नाही. बन्सीलाल शेट कापड घेऊन पिंपळनेरच्या बाजाराला जातात, त्यांनी तुम्हाला लाकडाच्या वखारीत पाहिलं, म्हणून हा पत्ता मिळाला.

तुम्ही इंजिनाच्या हँडलनं ह्यांच्या कपाळावर मारलंत. मे महिना, केळी करपत होती, आधी पाणी कोणाच्या वाफ्याला यावरून भांडण. मी आले तेव्हा कपाळाचं हाड आत गेलेलं होतं, आणि पडताना दगड लागून मागेही जखम झालेली. मायनं सगळ्यांना बजावलं, "एक तं गेल्यातच जमा हाये. दुसऱ्याले फासावर नका देऊ." म्हणून पोलीस पाटलाला सांगितलं, विहिरीच्या दगडी थारोळ्यावरून पडले. दवाखान्यात नेलं नाही. दवाखान्यात नेलं असतं तर विचारलं असतं.

हे जगले. पण जे उठले ते तुमचे भाऊ नव्हते. आधी राग आला तर हे जेवण टाकायचे, एवढाच त्यांचा राग. उठल्यावर मायसमोर घाणेरडं बोलू लागले. मयताला जाऊन हसले. बैलानं मान हलवली म्हणून त्याच्या डोक्यात कुऱ्हाड घातली आणि तो तडफडत असताना त्याच्याजवळ बसून भाकरी खाल्ली. मग फेफरं सुरू झालं. भगताकडे नेलं, त्यानं तापल्या विळ्यानं पाठीवर पाच डाग दिले. शेवटी केळीच्या कोठीत साखळी.

त्या दिवशी गावानं ह्यांना लिंबाला बांधून मारलं. लाठ्या, दगड, चपला. मी अंगावर पडले तर मलाही बसले. ह्यांचा डावा हात मोडला. हे मार खात विचारत होते, "काय झालं? काय झालं रे?"

आता जळगावला पोलीस पहाऱ्यात आहेत. खुनाचा खटला चालणार. वकील म्हणतात, फाशीही होऊ शकते.

तुम्ही या.

शेवंता


जळगाव
२४ ऑगस्ट १९६९

कौतिकभाऊ,

उत्तर आलं नाही. तरी लिहिते.

मी मेहरूणला मावशीकडे राहते. ह्यांना दवाखान्यात वेगळ्या खोलीत ठेवलंय, पायात बेडी घालून. तिथं एक डॉक्टरीणबाई येतात. लखीचंद शेटची मुलगी, कुसुमलता. मुंबईला असतात, मेंदूचा आणि मज्जातंतूंचा अभ्यास करतात. वडील आजारी म्हणून जळगावला आल्या आणि इथल्या डॉक्टरांनी ह्यांना दाखवायला बोलावलं. डोक्याला मार लागून ज्यांचा स्वभाव पालटला अशी माणसं त्या शोधत असतात. मी पहिल्या दिवशी चिडून म्हटलं, "आमचा माणूस म्हणजे काय तुमची प्रयोगाची बेडकी आहे?" त्या म्हणाल्या, "नाही. पण ह्यांच्या डोक्यात काय झालंय ते मला कळलं नाही, तर कोर्टालाही कळणार नाही."

त्यांनी ह्यांना सांगितलं, "चुडामणभाऊ, मी एक टाळी वाजवली की तुम्ही एक वाजवायची. मी दोन वाजवल्या की मात्र तुम्ही वाजवायची नाही. काय करायचं, सांगा बरं."

ह्यांनी बरोबर सांगितलं. "एकले एक. दोनले काहीच नाही."

बाईंनी दोन वाजवल्या. ह्यांनीही दोन वाजवल्या. लगेच म्हणाले, "वाजवाची नव्हती." पुन्हा दोन, पुन्हा टाळ्या. "वाजवाची नव्हती." शेवटी ह्यांनी स्वतःचा उजवा हात पलंगाच्या लोखंडावर इतक्या जोरात आपटला की बोटाचं कांडं फुटलं. डावा तर नुकताच कुठं जुळत आलेला. मी तोंडात पदर कोंबला.

बाई मला बाहेर घेऊन गेल्या. म्हणाल्या, "कपाळामागचा जो मेंदू असतो, तो माणसाला थांबवतो. राग सगळ्यांना येतो, हात सगळ्यांचा शिवशिवतो. थांब म्हणणारा तो भाग आहे. त्यांचा तोच चेंगरलाय. काय करू नये ते त्यांना माहीत आहे, पण माहीत असणं हातापर्यंत पोचत नाही. आणि तिथंच जखमेचा वण धरलाय, त्या वणातून फेफरं उठतं. फेफऱ्यानंतर तर माहीत असणंही उरत नाही."

मी विचारलं, "तेव्हाच दवाखान्यात आणलं असतं तर?"

त्या म्हणाल्या, "आत गेलेलं हाड उचलता आलं असतं. पुढचं सांगता येत नाही."

डोक्याचा फोटो काढला त्यात हाडाचा तुकडा आत शिरलेला स्पष्ट दिसतो. पण सरकारी वकील म्हणणार, ही खोक लहानपणचीही असेल, माणूस मुळातच खुनशी. डॉक्टर जखम दाखवू शकतात, ती कधी आणि कशी झाली ते सांगू शकत नाहीत. गावात जो तो आधी जे बोलला तेच बोलतो, थारोळ्यावरून पडले. खोटं बोललो हे पोलिसांसमोर कोण कबूल करील? मी बायको, माझं कोण ऐकतो.

मारणारा सांगेल तर ऐकतील. तुम्ही कबूल केलंत तर तुम्हालाही शिक्षा होईल, असं वकील म्हणतात. हे मी लपवत नाही.

शेवंता


जळगाव
३० सप्टेंबर १९६९

कौतिकभाऊ,

तुमचं कार्ड मिळालं. 'वहिनी, मी मेलो असं समजा. मला यात ओढू नका.' दोन ओळी. वखारीत हाताला काम फार असेल.

तुम्ही मेलेले नाही. मेलेला भटू. त्याची बायको बेबाबाई परवा कोर्टाच्या आवारात भेटली. मी हात जोडले तर तोंडावर थुंकली. "तुन्हा दाल्ला जित्ता शे," म्हणाली, "मन्हा कोठे शे?" तिचा नवरा गेला, माझा जिवंत; मी तोंड पुसलं नाही. तसंच वाळू दिलं.

पहिल्या पत्रात एक गोष्ट मी लिहिली नव्हती. बाईमाणसानं दिराला लिहावी अशी ती नाही. पण आता लिहिते. तुम्ही पळालात त्याच्या दुसऱ्या वर्षी मला दिवस गेले होते. हे अजून साखळीत नव्हते. मी ताट वाढून ठेवलं, भाजीत मीठ कमी होतं. ह्यांनी मला खाली पाडून पोटात लाथा घातल्या. कितीतरी. भटूनं ओढून बाजूला केलं तर त्याचा अंगठा चावून तोडला. भटू त्या तुटक्या अंगठ्यानिशी मला गाडीत घालून रावेरच्या दवाखान्यात घेऊन गेला. पोर गेलं. मुलगा होता. परत आले तर हे दारात बसले होते, म्हणाले, "शेवंता, कोठी गेल्ती? मले भूक लागली."

मी त्यांना टाकून माहेरी का गेले नाही, असं लोक विचारतात. तुम्ही विचारू नका.

आणखी एक ऐका आणि मग पाहिजे तर पुढची पत्रं फाडून टाका. त्यांना विहिरीवरचं काहीच आठवत नाही. त्या दिवशीची सकाळसुद्धा नाही. तुम्ही मारलंत हे त्यांना कोणी सांगितलेलं नाही. रोज जेवणाचं ताट आलं की ते पोलिसाला विचारतात, "कौतिक जेवला का?" नाही म्हटलं तर ताट भिंतीवर फेकतात. म्हणून आता पोलीसही सांगतो, "जेवला, जेवला."

शेवंता


जळगाव
९ मार्च १९७०

कौतिक,

भाऊ लिहीत नाही.

काल निकाल लागला. कबुलीवरून तुम्हाला धरलंय, कोठडीत कळलाच असेल. जन्मठेप. फाशी नाही. न्यायाधीशांनी वाचून दाखवलं की आरोपीला कृत्य वाईट आहे याची जाण आहे, पण डोक्याची दुखापत सिद्ध झाली, दुखापतीआधी तो शांत स्वभावाचा होता हेही सिद्ध झालं, म्हणून फाशी देता येत नाही; वेड्यांच्या इस्पितळात ठेवून उपचार करावेत. डॉक्टरीणबाई कपाळाला हात लावून बसल्या. मला म्हणाल्या, "जाण आहे म्हणे. जाण कुठं पोचत नाही, हेच मी दोन तास सांगत होते." पण जीव वाचला. तो तुमच्या साक्षीनं वाचला, हे मी नाकारत नाही.

तुम्ही साक्षीत काय बोललात ते तुम्हाला माहीत आहे. तरी लिहिते. माझ्या डोक्यातून ते निघत नाही, तुमच्याही निघू नये.

तुम्ही पिंजऱ्यात उभे राहिलात तेव्हा मला बरं वाटलं होतं. केस पिकलेले, खांद्यावर ओंडके वाहून घट्टे पडलेले. मनात म्हटलं, आला बापडा. सगळं सांगितलंत. इंजिन, हँडल, पाण्याचं भांडण. मग सरकारी वकील उठला.

"किती वेळा मारलं?"

मी मनात म्हणत होते, एकदा, सांगा ना, एकदा.

"दोनदा."

"कुठं कुठं?"

"पहिला मांगून. डोस्क्याच्या मांगं. तो इंजिनाकडे वाकला होता."

मागची जखम दगडाची, असं मी सहा वर्षं समजत होते. मीच धुतली होती ती.

"मग तो पडला?"

"पडला. उताणा झाला."

"शुद्धीवर होता?"

"होता."

"तुझ्याकडे पाह्यलं त्यानं?"

"पाह्यलं."

"काही बोलला?"

"कौतिक म्हने. नुस्तं कौतिक."

"मग तू काय केलं?"

"मंग दुसरा मारला."

मागच्या बाकावर बेबाबाई होती, तिनंसुद्धा डोळे मिटून घेतले. मी उठून बाहेर गेले. पडलेल्या माणसाच्या तोंडावर! तुमचं नाव त्यांच्या ओठांवर असताना!

मग बाहेर व्हरांड्यात जे झालं ते. शिपाई ह्यांना घेऊन चालले होते, समोरून तुम्हाला आणलं. ह्यांनी तुम्हाला पाहिलं आणि चेहरा असा उजळला की तो चेहरा मी लग्नानंतरच्या वर्षात पाहिला होता, पुन्हा नाही. "कौतिक आला," म्हणाले. तुम्ही पाया पडायला वाकलात. आणि त्यांनी दोन्ही हात वर नेऊन बेडीचं लोखंड तुमच्या तोंडावर आणलं. दात फरशीवर पडल्याचा आवाज आला. दुसऱ्यांदा मारलं, तिसऱ्यांदा मारलं, आणि प्रत्येक वेळी म्हणत होते, "मारू नही. मारू नही." शिपायांनी लाठ्या उगारल्या, पहिली लाठी त्यांच्या डोक्यात बसली. तेव्हा तुम्ही रक्तानं भरल्या तोंडानं त्यांच्या अंगावर झेपावलात, त्यांचं डोकं दोन्ही हातांत धरून छातीशी दाबलंत आणि ओरडलात, "डोस्क्यात नका मारू! डोस्क्यात नका मारू!" लाठ्या तुमच्या पाठीवर पडत राहिल्या. खालून ते तुमच्या दंडाचा लचका तोडत होते, तरी सोडलं नाहीत.

ते मी पाहिलं. ते पाहिलं नसतं तर हे पत्र लिहिलं नसतं.

पण तुम्हाला क्षमा केली असं समजू नका.

शेवंता


रावेर
६ डिसेंबर १९७२

कौतिकभाऊ,

धुळ्याच्या तुरुंगातून तुम्ही पाठवलेली पत्रं मिळत होती. एकालाही उत्तर लिहिलं नाही. विहिरी आटल्या आहेत. केळी तोडून टाकली, खडी फोडायच्या कामावर जाते.

तुमचे भाऊ सप्टेंबरात गेले. पुण्याच्या इस्पितळातून तार आली तेव्हा मी खडी फोडत होते. एकामागून एक फेफरी आली, मध्ये शुद्ध आलीच नाही, तीन दिवस. औषधं चालली नाहीत. मी पोचेपर्यंत दातांनी जीभ तुटलेली होती. सांगायचं नव्हतं, पण तुम्हाला अर्धं सांगून काय उपयोग.

कुसुमलताबाई मुंबईहून आल्या. समोर उभं राहून, नजर न चुकवता म्हणाल्या, "शेवंताबाई, मला चुडामणभाऊंचा मेंदू पाहिजे. देणार नसाल तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही." मी म्हटलं, "काय मिळणार?" त्या म्हणाल्या, "कोर्टात मी सांगत होते आणि कोणाला पटत नव्हतं, ते दाखवता येईल. त्यांच्यासाठी उशीर झालाय. दुसऱ्या कोणाला साखळीत घालण्याआधी कदाचित दवाखान्यात नेतील."

मी दिला. बाकीचं शरीर तिथंच जाळलं. गावात कळलं तेव्हा सोयरे म्हणाले, अर्धा माणूस जाळला, त्याला गती नाही. मी म्हटलं, जिवंतपणी अर्ध्याला साखळी घातली तेव्हा तुम्ही कुठं होता?

तपासणी झाल्यावर बाईंनी पत्र पाठवलं, मुंबईला यायचं तर या. हे बेबाबाईला कोणी सांगितलं माहीत नाही. ती हल्ली शिंदखेड्याला भावाकडे राहते. तिथून आली, दारात उभी राहिली. तोंडावर थुंकल्यापासून आम्ही बोललो नव्हतो.

"मीबी येस," म्हणाली. "माले ते देखनं शे."

दोघी गेलो. प्रवासात एका शब्दानं बोलली नाही. भाकरी मात्र तिच्याच फडक्यातली दोघींनी खाल्ली.

बाईंनी एका खोलीत नेलं. औषधाचा उग्र वास, डोळ्यांना पाणी येतं. पांढऱ्या चिनी मातीच्या परातीत होतं. बेबाबाई पुढं झाली, वाकली, पुष्कळ वेळ पाहत राहिली.

"इतलंसंच शे?"

"हो," बाई म्हणाल्या. "एवढाच असतो सगळ्यांचा."

"यामाच बठ्ठं व्हतं का? मन्हा मानूसले मारं ते बी?"

"यातच सगळं," म्हणत बाईंनी बोटानं दाखवलं. पुढचा भाग करडा, आक्रसलेला, जळलेल्या भाकरीच्या कडेसारखा. त्यात खड्डा. बेबाबाईनं विचारलं, "त्यासले समजनं का, भटू शे म्हनून?"

"मारताना नाही," बाई म्हणाल्या.

बेबाबाईनं मान हलवली. मग परातीकडं पाहूनच म्हणाली, "दुखनं व्हई त्याले." असं म्हणून ती बाहेर निघून गेली आणि जिन्यावर बसून रडली. भटूसाठी रडली की कशासाठी, मी विचारलं नाही. शेजारी बसले. तिनं मला सरक म्हटलं नाही.

तुम्ही प्रत्येक पत्रात एकच विचारता. कोणत्या फटक्यानं झालं? मी तुमच्या वतीनं बाईंना विचारलं. त्यांनी नीट दाखवलं. मागं हाडाला चीर होती, ती जुळून आली होती. खाली मेंदूवर नखाएवढा डाग. बाई म्हणाल्या, "एवढ्यानं माणूस आठ दिवस निजला असता आणि उठून शेतात गेला असता." बाकी सगळं पुढून. हाड आत गेलं ते पुढून, वण धरला तो पुढून, फेफरं उठलं ते पुढून.

दुसऱ्या घावानं झालं, कौतिकभाऊ. बैल, माझं पोर, भटू, सगळं त्या दुसऱ्या घावात होतं. पहिल्यावर तुम्ही थांबला असतात तर आज दोन्ही भाऊ असते. बाईंना मी आणखी एक विचारलं, तुमचा मेंदू तर चांगला होता, मग त्यानं तुम्हाला थांब का म्हटलं नाही? त्या म्हणाल्या, "म्हटलं असेल. ते मला परातीत दिसत नाही."

खोटं लिहून तुमचं मन राखता आलं असतं. तुम्ही कोर्टात खोटं बोलला नाहीत, म्हणून मीही लिहिलं नाही.

संक्रांतीनंतर तुम्ही सुटणार, असं तुम्ही कळवलंत. मी धुळ्याला येणार नाही. माझ्यात तेवढं बळ नाही. बेबाबाई येणार आहे. शिंदखेड्याहून जवळच पडतं. फाटकाबाहेर उभी राहीन म्हणाली. तिला तुम्हाला काय सांगायचंय, काय करायचंय, तिनं मला सांगितलं नाही. हातात काय असेल तेही मला ठाऊक नाही. शिव्या देईल, मारील, भाकरीही देईल. तिचा हक्क आहे.

मागच्या दारानं निघून जाऊ नका. ती दिसली की तिच्यासमोर जाऊन उभे राहा, आणि तिचं होईपर्यंत हलू नका.

त्यानंतर घरी यायचं असेल तर या.

शेवंता